वाळूची पूजा

समुद्र मला आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. ज्यांना आवडतो त्यांनी तो बादलीत भरून घरी न्यावा, माझी ना नाही. अंगाला चिकचिक, केसांना चिकचिक, गादीत वाळू, चपलेत वाळू. डोळ्यांसमोर एवढं पाणी की आमच्या लातूरच्या टँकरवाल्यांना पोटशूळ उठावा, आणि त्यातलं पिण्याजोगं घोटभरही नाही. पण समुद्रावर मी उगाच तोंडसुख घेतेय. माझा खरा राग दादावर होता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. लातूरला त्याचं कापडाचं दुकान आहे आणि आई त्याच्याकडंच असते. मी नांदेडला शाळेवर शिकवते. दादाचं एक ठरलेलं वाक्य आहे, "मी हाय ना." वडील आजारी पडले, मी हाय ना. घराचं छत गळालं, मी हाय ना. बारावीला मला चांगले मार्क पडले होते, पुण्याला जायचं मी मनात पक्कं केलं होतं, तेव्हा यानंच घरात बसून ठरवलं की पोरीनं नांदेडला डी.एड. करावं. वडिलांनी मान हलवली. मला म्हणाला, तू कामून फिकीर करतेस, मी हाय ना. त्याला तीसेक वर्षं झाली असतील. माझा राग अजून शिळा झालेला नाही, मी तो रोज गरम करून ठेवते.

आईला त्र्याहत्तरावं लागलं आणि आईनं जन्मात समुद्र बघितला नाही, हे याला दुकानात गादीवर बसल्या बसल्या सुचलं. आईला विचारलं नाही. मला तर नाहीच नाही. एकदम अंदमानची तिकिटं काढून फोन केला, सहा दिवस, तू पण यायचंस, आईच्या खोलीत झोपायला कुणी तरी पाहिजे. म्हणजे मी कशाला, तर सोबतीला. माझ्या नवऱ्यानं रजा मिळत नाही असं सांगून अंग काढून घेतलं, शहाणा माणूस. आम्ही चौघंच निघालो, आई, दादा, वैनी आणि मी. नारळाच्या झाडाचं चित्र असलेले चार सारखे टीशर्ट दादानं शिवून घेतल्यासारखे मापात आणले होते. आईनं तिचा घडी करून पिशवीच्या तळाला घातला. वैनीनं धपाटे, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी यांचं एवढं ओझं बांधलं की जणू अंदमानात दुष्काळ पडलाय.

आता मुख्य गोष्ट. आम्ही लिंगायत. आईच्या गळ्यात चांदीच्या छोट्या डबीत इष्टलिंग असतं. लहानपणी मठाच्या स्वामींनी बांधलं तेव्हापासून ते तिच्या अंगावरून कधी उतरलं नाही, बाळंतपणातसुद्धा नाही. रोज आंघोळ झाली की डाव्या तळहातावर लिंग घ्यायचं, भस्म लावायचं, पाणी घालायचं, बेलाचं पान वाहायचं, आणि मग पोटात काय जायचं ते जाईल. अंगावर लिंग नाही तर तोंडात घास नाही, एवढा साधा नियम. माझं स्वतःचं कपाटात आहे आणि दादाचं देवघरात, म्हणून आम्ही दोघंही तिच्यापुढं या विषयावर तोंड उघडत नाही.

विमान हैदराबादहून होतं. विमानतळावर बायकांची तपासणी करतात, डबी उघडायला लावतात, परक्यांचा हात लिंगाला लागतो, असं कुठल्याशा गिऱ्हाइकानं दादाच्या डोक्यात भरवलं होतं. उंटावरचे शहाणे काही कमी नाहीत. गाडीतून उतरायच्या आधी तो आईला म्हणाला, काढून माझ्या लहान बॅगेत ठेव, बॅग मशिनीतून जाते, तिला कुणी हात लावत नाही, पलीकडं गेलो की लगेच घाल. आईनं माझ्याकडं बघितलं. पुढं मी सगळ्यांना सांगत सुटले की मी नको म्हणत होते. खरं सांगायचं तर मी खिडकीबाहेर बघत होते आणि एक शब्द बोलले नव्हते.

आईनं डबी काढून त्याच्या बॅगेत ठेवली. काउंटरवरच्या पोरीनं गोड आवाजात विचारलं, लहान बॅगपण देता का, हात मोकळे राहतील. दादानं देऊन टाकली. बॅगेत काय आहे ते त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. मोकळ्या झालेल्या हातांनी त्यानं आमचा फोटो काढला. तपासणी झाली. आतली ती बाई फक्त मशीन फिरवून मोकळी झाली, आईच्या गळ्यातल्या मण्यांकडं तिनं ढुंकूनसुद्धा बघितलं नाही. पलीकडं आल्यावर आईनं हात पुढं केला, दे. तेव्हा कुठं दादाचा चेहरा उतरला.

मी तिथंच त्याला धुऊन काढला. आजूबाजूचे लोक बघत होते, बघू देत. दादा म्हणाला, चार तासांचा तर प्रश्न हाय, उतरलो की पट्ट्यावर बॅग येतीच की. मधे चेन्नईला विमान बदललं. आई दोन्ही विमानांत गळ्याशी हात धरून बसली होती. पाणीपण घेतलं नाही. आणि पोर्ट ब्लेअरला पट्टा फिरून फिरून थांबला. तीन बॅगा आल्या, धपाट्यांची पिशवी आली, लहान बॅग आली नाही.

तिथला माणूस म्हणाला, चेन्नईत राहिली असेल, उद्या येईल. दादानं ठरवलं की पुढच्या बेटावर हॉटेल ठरलंय, बोटीची वेळ झालीय, बॅग आली की फोन येईल. आम्ही बोटीत बसलो. मी म्हणत होते इथंच थांबू. आईच म्हणाली, माझ्यापायी तुमची सुट्टी मोडू नका. तिच्या या बोलण्याचा मला दादापेक्षा जास्त राग आला. लेकानं चूक करायची आणि हिनं ती पदराखाली घ्यायची, हे आमच्या घरात चालत आलेलं आहे.

बेटावरचं हॉटेल समुद्राला लागून होतं. लोक अर्ध्या कपड्यांत हिंडत होते, सगळीकडं मासे तळल्याचा वास. आई खोलीत भिंतीला टेकून बसली. पहिल्या दिवशी काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वैनी तिच्यापुढं रडली, तेव्हा पाण्याचे चार घोट घेतले. तिला शुगर आहे. गोळी रिकाम्या पोटी देता येत नाही, आणि दिली नाही तर शुगर चढते, दोन्हीकडून मरण. दुपारी ती उठून बाथरूमकडं जाताना दाराला धरून उभी राहिली आणि मला म्हणाली, भिंत जरा हलून राहिली. मी विमान कंपनीला फोन लावत होते, दादा लावत होता, उत्तर एकच, शोध चालू आहे. वैनी आईला आत्याबाई म्हणते; ती सगळ्यांना सांगत होती, आत्याबाई खरंच जातील हो. ती बोलली नसती तरी आम्हाला दिसत होतं.

आमच्या मठाच्या स्वामींना फोन लावायचा, हे मीच सुचवलं. स्वामी सांगतील तेच आई ऐकेल. दादा म्हणाला, लावतो. संध्याकाळी मी बॅगेचं विचारायला हॉटेलच्या ऑफिसकडं गेले, तिथंच तेवढी रेंज यायची. भिंतीच्या पलीकडं दादा फोनवर बोलत होता. लातूरच्या त्याच्या एका मित्राशी, मार्केटयार्डातल्या. आवाज जरा जड काढ, म्हणत होता. प्रवासात चालतं म्हण. तिथल्या वाळूचं लिंग कर, पूजा कर, आन् जेव, असं म्हण. लई बोलू नको, आई हुशार हाय.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. देवाच्या नावानं आईला फसवायचं, तेही कापडाच्या गिऱ्हाइकाला गुंडाळतात तसं. स्वामी काय सांगतील ते विचारायचंही धाडस याच्यात नाही, ते उपासच कर म्हणाले तर काय, ही भीती. मी पुढं होऊन त्याच्या हातातला फोन हिसकावणार होते. पण आईचा दाराला धरलेला हात डोळ्यांपुढं आला. मी आल्या पावली माघारी गेले. त्या सहा दिवसांत मी एकच शहाणपणाचं काम केलं, ते हे.

अर्ध्या तासानं दादानं आईला ऑफिसजवळ आणलं आणि फोन स्पीकरवर धरला. पलीकडून तो जड आवाज बोलला. आईनं डोक्यावर पदर घेतला, हात जोडले, नीट ऐकलं. शेवटी म्हणाली, बरं स्वामी. दादानं माझ्याकडं बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ करून आई वाळूत बसली. मी शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन. तिनं ओली वाळू डाव्या तळहातावर घेतली, उजव्या हाताच्या तीन बोटांनी दाबून तिला आकार दिला. वाळू सारखी विसकटायची, ती परत दाबायची. कनवटीच्या पुडीतलं भस्म लावलं. बेल नव्हता, तिथल्याच कुठल्या झाडाचं पान तिनं वाहिलं आणि डोळे मिटून बराच वेळ बसली. दोन पर्यटक बायका मोबाइल घेऊन जवळ आल्या. मी त्यांना असं हाकललं की पुन्हा त्या बाजूला फिरकल्या नाहीत. मागं थोड्या अंतरावर दादा उभा होता, डोळे पुसत होता. नाटक, मी मनात म्हटलं. स्वतःच रचलेल्या खेळावर स्वतःच रडतोय.

आईनं वाळू समुद्रात सोडली, खोलीत आली आणि अर्धी भाकरी दह्यात कुस्करून खाल्ली. गोळी घेतली. दुपारी भात खाल्ला. तिच्या चेहऱ्यावर रंग आला. दादा तर काय, हवेतच. त्यानं सगळ्यांना काचेच्या बुडाच्या बोटीत बसवलं, आईला खालचे मासे दाखवले, वैनीला गॉगल घेतला. मला विचारलं, तुला काही पाह्यजे का. मी न्हाई म्हटलं. दोन दिवस असे गेले. आई जेवत होती, आणि मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला पण. पण तो आनंद दादामुळं झालाय, हे माझ्या घशातून खाली उतरत नव्हतं.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला आम्ही हॉटेलच्या ऑफिससमोरच्या अंगणात जेवायला बसलो होतो. आईच्या ताटात दहीभात. दादानं लातूरला चुलत्यांना व्हिडिओ कॉल लावला. सगळं घर पलीकडं जमलं होतं. त्यानं फोन फिरवून समुद्र दाखवला, मग आईला दाखवलं, आणि सांगायला लागला की आई दोन दिवस कशी अडून बसली होती, सगळे हातपाय गाळून बसले होते, शेवटी मीच डोकं चालवलं, स्वामींना फोन लावला, आईला जेवू घातलं. इथवरही मी गिळलं असतं. पण तो माझ्याकडं बोट करून हसत म्हणाला, "हिला काय, नुसतं तोंड चालवता येतंय. मास्तरीण बाई."

पलीकडं सगळे हसले. चुलती हसली, तिच्या सुनासुद्धा हसल्या. माझ्या डोक्यात तीस वर्षांचं सगळं एकदम चढलं.

"कुठल्या स्वामींना लावलास फोन?" मी म्हटलं. "मार्केटयार्डातल्या का?"

दादानं कॉल बंद केला. वैनी माझा हात दाबायला लागली, मी झटकला. आता थांबणं शक्य नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, मला थांबायचंही नव्हतं. भिंतीमागं ऐकलेलं सगळं मी शब्दाला शब्द सांगितलं. आवाज जड काढ म्हणालास, आई हुशार हाय म्हणालास. देवाधर्माचा बाजार मांडलास. आईला दोन दिवस वाळूची पूजा करायला लावलीस, खोट्या आज्ञेवर. माझा आवाज चढला होता, आणि इतकी वर्षं त्याच्यासमोर न सापडणारे शब्द एकामागून एक सापडत होते. दादा ताटाकडं बघत होता. तो एकदाही मी हाय ना म्हणाला नाही. मला वाटलं, जिंकले.

मग मी आईकडं बघितलं. तिच्या हातात घास होता. तो तिनं परत ताटात ठेवला, हात पाण्यानं धुतला आणि पदराला पुसला.

"मला ठावं होतं," आई म्हणाली.

दादानं ताटावरून मान वर केली, पण आई बोलतच राहिली.

"आपले स्वामी दोन शब्द बोलले तर त्यातला एक कन्नडमधला असतो. त्या दिवशीचा माणूस समदं मराठीत बोलला. मला काय कळंना का? पण हे पोरगं दोन दिवस तोंड पाडून फिरून राहिलं होतं. ह्याच्या तोंडाकडं बघून खाल्लं." मग ती माझ्याकडं वळली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "म्या मनात ठेवलं होतं तवर चालत होतं. आता तू चौघांत बोललीस. आता कसं खाऊ गं?"

दादा उठला आणि समुद्राच्या बाजूला चालत गेला. आई तिच्या खोलीत गेली. वैनीनं चारी ताटं एकावर एक ठेवली आणि मला म्हणाली की तुमचं म्हणणं खरं होतं, पण आत्याबाई जेवत होत्या. खरं होतं ना, मग झालं तर.

पाचव्या दिवशी आईनं पाण्यालाही हात लावला नाही. दादा पहाटेच्या बोटीनं पोर्ट ब्लेअरला गेला, दिवसभर विमानतळावर त्या काउंटरपुढं बसला आणि संध्याकाळी हात हलवत परत आला. बॅग चेन्नईत सापडली होती, उद्याच्या विमानानं येणार होती. त्यानं हे आईला सांगितलं, वैनीला सांगितलं. मला वैनीकडून कळलं. आई म्हणाली, उद्या तर उद्या. तिचे ओठ सुकून त्यांना भेगा पडल्या होत्या. मी ओला रुमाल फिरवायला गेले तर तिनं तोंड बाजूला केलं. म्हणाली, नको, पाणी आत जातं.

सहाव्या दिवशी आमची परतीची बोट होती. धक्क्यावर पत्र्याच्या शेडमध्ये बाकावर आईला बसवून दादा तिकिटांच्या रांगेत गेला. वैनी सामान मोजत होती. आईचे डोळे मधूनच वर जायचे आणि ती परत सावरून बसायची. बॅग मिळायला अजून चार-पाच तास होते, आणि आधी बोटीत दोन तास हेलकावे. मला भीती वाटली. साधी भीती, दुसरं काही नाही. मी तिच्यापुढं उकिडवी बसले, तिचे दोन्ही हात धरले.

"आई, मी रागात खोटं बोलले गं," मी म्हटलं. "दादावरचा राग काढायला. ते स्वामीच होते. मी पण ऐकला की त्यांचा आवाज. तू खा. एक केळं खा."

आईनं माझ्याकडं बघितलं. लहानपणी परीक्षेचा पेपर कसा गेला विचारताना बघायची, तसंच. मी नजर खाली घातली नाही, पण कानशिलं तापली होती, ते मला कळत होतं.

"तुला न्हाई जमत, बाई," ती म्हणाली. "ते त्यालाच जमतं."

बोटीत ती दादाच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. मी पलीकडच्या बाकावर तिच्या चपला सांभाळत बसले. दुपारी विमानतळावर बॅग मिळाली, कुलूपसुद्धा जसंच्या तसं. आईनं तिथंच बाकावर बसून बाटलीच्या पाण्यानं हातपाय धुतले, डबी उघडली, लिंग तळहातावर घेतलं. येणारेजाणारे बघत होते. या खेपेला मी कुणाला हाकललं नाही. पूजा झाल्यावर तिनं डबी गळ्यात घातली, पदर सारखा केला आणि दादानं दिलेला धपाटा खाल्ला, सावकाश, अख्खा. मी केळं सोलून पुढं धरलं. तिनं ते घेतलं, सालीत परत गुंडाळलं आणि नंतर खाते म्हणून पिशवीत ठेवून दिलं.